कोलन काढा

लॅचमध्ये किल्ली फिरवून सुखदानं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. घरात कोलन वॉटरचा वास येत होता.

तिनं खांद्यावरची लॅपटॉपची बॅग खाली ठेवली नाही, चपलाही काढल्या नाहीत. संत्र्याची साल आणि दवाखाना यांच्या मधला तो गारसर वास हॉलभर पसरला होता, आणि या घरात त्याचा अर्थ एकच होता. कुणाला तरी ताप आला होता. आज, नेमका आज, जेव्हा तिला विमानतळावर न्यायला गाडी येणार होती.

"समर्थ!" तिनं हाक मारली.

"अंजलीकडे खेळतोय खाली. एवढं ओरडायला काय झालं?"

तिच्या सासूबाई, नीलिमाबाई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पिंपरीतल्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही त्या घरात शाळेत निघाल्यासारख्याच वावरायच्या. आताही साडी चापूनचोपून नेसलेली होती, केस नीट बांधलेले होते. एक हात चौकटीवर होता.

सुखदा मागे वळली आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली. शेजारीण अंजलीच्या घरात समर्थ पलंगावर उभा राहून उड्या मारत होता. तिनं त्याला धरलं, शर्टाच्या आत हात घालून पाठ पाहिली, मानेखाली पाहिलं. पोर घामेजलेलं होतं, पण ताप नव्हता.

"सोड ना आई, माझी बॅटिंग आहे."

"वर का नाही आलास जेवल्यावर?"

"आजी म्हणाली, आज इथंच खेळ. तू निघताना बोलावणार आहे ती."

सुखदानं त्याला सोडलं. पोराला ताप नाही. शार्दूल, तिचा नवरा, सकाळीच चाकणला प्लांटमध्ये गेला होता, त्याच्याकडे ऑडिट होतं. मग घरात उरलं कोण? जिना चढताना तिला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. पुन्हा सुरू झालं, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा.

कारण हे पहिल्यांदा होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचं जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा नीलिमाबाईंचं बीपी चढलं. त्यांना दवाखान्यात ठेवलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल आले, आणि तोवर सुखदाच्या जागी तिच्या ऑफिसातला प्रज्वल जाऊन आला. आज प्रज्वल तिचा साहेब होता. त्यानंतर चेन्नईचं ट्रेनिंग निघालं, तेव्हा यांना चक्कर आली. त्या रात्री सुखदानं शार्दूलला तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या आईला वेळ बरोबर साधता येते." शार्दूल नेहमीप्रमाणे कूस बदलून झोपला. भिंतीपलीकडेच नीलिमाबाईंची खोली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुखण्याखुपण्याचं नावच काढलं नव्हतं. सुखदाला ते बरं वाटलं होतं, पण असं का झालं याचा विचार करायला तिला सवड झाली नव्हती.

आता पुन्हा तिचा नंबर लागला होता. तीन महिने जर्मनीत राहून उत्पादनाची एक अख्खी लाइन समजून घ्यायची आणि ती चाकणला उभी करायची. ही संधी हुकली तर तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही, हे प्रज्वलनं गोड शब्दांत सुचवलं होतं. राइन नदीकाठचं ते शहर. तिकडचे लोक त्याला क्योल्न म्हणायचे. ऑफिसच्या मेलमध्ये ते इंग्रजी पद्धतीनं कलोन असायचं. आणि या घरात, नीलिमाबाईंमुळे, ते पहिल्याच दिवशी कोलन झालं होतं.

"म्हणजे कोलन वॉटरचं कोलन?" जेवताना त्यांनी विचारलं होतं, आणि सुखदाला हसूच आलं होतं. नीलिमाबाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्यातल्या नव्हत्या. हात धुऊन त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली, चष्मा लावला आणि सुखदा शाळेतली पोर असल्यासारखं तिला समजावलं.

"हे बघ. जर्मन लोकांचं नाव वेगळं, इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलं. मोठ्या अक्षरानं लिहिलंस तर ते गाव. लहान अक्षरानं लिहिलंस तर अत्तर, कुठल्याही गावचं असलं तरी. त्या गावात कुणीतरी ते पाणी केलं, आणि मग गावाचं नाव बाटलीला लागलं."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे ताप." नीलिमाबाईंनी डिक्शनरी मिटली होती. "माझ्या आईच्या घरी ताप हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं होतं. काढला की तो घरात मुक्काम करतो म्हणे. आई नुसतं म्हणायची, कोलन काढा गं. तेवढ्यावर सगळं घर हलायचं. एक जण पाणी आणायचं, एक जण जुन्या साडीच्या पट्ट्या फाडायचं. मी इथं आले तशी ती पद्धतही आली. शार्दूलच्या लहानपणी तर बाटली पुरायची नाही."

ही पद्धत सुखदाच्याही अंगवळणी पडली होती. समर्थला डेंग्यू झाला होता तेव्हा दोघी रात्ररात्र आळीपाळीनं बसल्या होत्या. त्यातल्याच एका रात्री सुखदानं पोराच्या कपाळाला हात लावून आनंदानं सांगितलं होतं, उतरला वाटतं. नीलिमाबाईंनी तिचा हात धरून पोराच्या तळव्यांवर नेऊन ठेवला. पाय बर्फासारखे होते. कपाळ खोटं बोलतं, त्या म्हणाल्या होत्या, पट्टी ठेवली की ते गार लागणारच. पाय गार म्हणजे ताप अजून चढतोय. तासाभरात तो चढलाही होता.

सुखदा वर आली तेव्हा नीलिमाबाई चहा गाळत होत्या.

"कुणाला ताप आहे, आई?"

"कुणाला नाही."

"मग वास कसला येतोय?"

नीलिमाबाईंनी कमरेला खोचलेला रुमाल काढून दाखवला. "दोन थेंब घेतले रुमालावर. सहज. म्हटलं, सून त्या गावाला निघालीय, आपण इथं बसून निदान वास तरी घ्यावा."

त्या हसल्या. हे हसणं सुखदाला पटलं नाही. तीस वर्षं वर्गात खोटं पकडणाऱ्या बाईला स्वतःला खोटं नीट बोलता येत नसावं.

"बघू," सुखदा म्हणाली आणि पुढे झाली.

"काय बघतेस? बघ." नीलिमाबाईंनी मान पुढे केली, अगदी लगेच. सुखदानं हात लावला. कपाळ गार होतं, किंचित ओलसर. तिच्या बोटांना वास लागला. तिनं हात मागे घेतला, आणि मनातल्या सगळ्या रागाची तिला जराशी लाज वाटली.

"झालं समाधान? आता चहा घे आणि कपडे बदल. घाटात गर्दी असते."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि बोटानं तिच्याकडे सरकवला. एरवी त्या कप हातात द्यायच्या. सुखदाला ते जाणवलं आणि लगेच ती ते विसरलीही, कारण फोन वाजत होता. प्रज्वल होता.

"सगळं ओके ना सुखदा? या वेळी काही प्रॉब्लेम नाही ना घरी?"

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

"नाही म्हणजे, माझा व्हिसा अजून चालू आहे. वेळेवर काही झालंच तर सांग."

"काही होणार नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कान तापले होते. आतल्या खोलीत जाऊन तिनं बॅगेची चेन लावली, पासपोर्ट पुन्हा पाहिला, पुन्हा ठेवला. औषधांची पिशवी राहिली होती. पॅरासिटामॉल घ्यायला तिनं बाथरूमबाहेरचं छोटं कपाट उघडलं. गोळ्यांची नवी पट्टी अर्धी संपलेली होती. आणि वरच्या फळीवर, जिथं कोलन वॉटरची बाटली वर्षानुवर्षं उभी असायची, तिथं फक्त तिच्या बुडाचा गोल डाग होता.

ती त्या डागाकडे पाहत उभी राहिली. रुमालावर दोन थेंब घेणारा माणूस बाटली जागेवर ठेवतो. हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही. पण कपाळ गार होतं. तिनं स्वतः हात लावून पाहिलं होतं. गोळ्या गुडघ्यासाठी घेतल्या असतील, त्यांचा गुडघा दुखतोच. ती स्वतःची समजूत घालत होती आणि घालतेय हे तिला कळतही होतं. जायचंच असलं की माणूस फार खोलात शिरत नाही.

खालून हॉर्न वाजला. गाडीचे ड्रायव्हर, कुरुळीचे मारुतराव, स्वतःच बॅग न्यायला वर आले. साठीचा माणूस, पण बोलणं खणखणीत.

"म्याडम, घाटात ट्रक पलटी झालाय म्हनत्यात. येळ काढून उपेग न्हाई, निघायचं बघा."

"आलेच मी."

समर्थला वर बोलावलं. तो धावत आला आणि सवयीनं आजीच्या कमरेला मिठी मारायला गेला. नीलिमाबाई झटकन बाजूला झाल्या.

"लांब, लांब. हातात दही आहे माझ्या."

खरंच त्यांच्या हातात दह्याची वाटी होती. घरातून लांब जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही रीत त्यांनी कधी चुकवली नव्हती. आज मात्र त्यांनी वाढणीचा लांब दांड्याचा चमचा घेतला होता. पुढे केलेल्या सुखदाच्या तळव्यावर त्यांनी वरूनच दही टाकलं. चमचा थोडा थरथरला आणि दही मनगटावर ओघळलं.

"असू दे, खा. शुभ असतं."

सुखदानं दही खाल्लं. हात धुतला. समर्थचा मुका घेतला, त्याला काय काय करायचं ते तिसऱ्यांदा सांगितलं. मग ती सासूबाईंकडे वळली आणि पदर सावरायचा असावा तसा ओढणीला हात लावून वाकली.

"नको नको, नमस्कार पोचला," नीलिमाबाई मागे सरल्या. मागे भिंत होती.

सुखदाचे हात त्यांच्या पावलांवर टेकले.

पावलं बर्फासारखी होती. मोशीतल्या त्यांच्या घरात त्या आठवड्यात पंख्याखालीसुद्धा घाम यायचा, आणि या बाईची पावलं फ्रीजमधून काढल्यासारखी गार होती. सुखदा वाकलेलीच राहिली. तिच्या बोटांखाली पावलं अगदी बारीक कापत होती. साडीची निरी तिच्या गालाला लागत होती आणि त्यातूनही तोच वास येत होता.

ती उठली. दोघींची नजर मिळाली. नीलिमाबाईंचे डोळे लाल होते, हे तिला आत्ता दिसलं, किंवा आत्ता तिनं पाहिलं.

"आई..."

"निघ." आवाज वर्गातला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मग तो खाली आला. "या वेळी मला काही झालेलं नाही. कळलं?"

'या वेळी' हे शब्द त्यांनी मुद्दाम जड उच्चारले नाहीत. त्यामुळेच ते सुखदाला जास्त लागले. भिंतीपलीकडची ती रात्र तिला लख्ख आठवली, स्वतःचं वाक्य, त्यातला विखार. आणि दवाखान्याचे ते नॉर्मल रिपोर्टही आठवले. तेव्हा खरोखर बीपी चढलं होतं की नाही, हे ती आजही छातीठोक सांगू शकली नसती. चढलंही असेल. घरातून माणूस जायला निघालं की कुणाचं तरी काही तरी चढत असेल.

"म्याडम," खालून हाक आली.

"येते मी," सुखदा म्हणाली.

"ये," नीलिमाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा चौकटीला हात लावला.

गाडी स्पाइन रोडला लागली तरी सुखदा मागेच पाहत होती. मग तिनं शार्दूलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यानं कापला आणि मेसेज पाठवला, ऑडिटर समोर आहेत, नंतर.

तिनं अंजलीला फोन करून समर्थला रात्री तिच्याकडेच ठेवायला सांगितलं. अंजली हो म्हणाली. तेवढं सोपं होतं. पण आजारी माणसाचं काय? अंजली तान्ह्या बाळाची आई, तिला वर पाठवता येत नव्हतं. सुखदाच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, दिवा न लावलेली, आणि एकटीच स्वतःच्या कपाळावर पट्टी ठेवून पडलेली बाई. तिला स्वतःचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, तिला जायचंही होतं. दोन्ही गोष्टी एकाच छातीत एकमेकींना ढकलत होत्या.

निगडी मागे पडली. देहूरोड आलं. मारुतरावांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"काय राहिलंय का घरी? आत्ताच सांगा, म्याडम. पुढं एक्स्प्रेस वेला लागलो की मधी वळता येत न्हाई."

"किती वेळ आहे?"

"ह्यो काय, पूल दिसतोय की."

"गाडी जरा कडेला घ्या."

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर टिकटिकत राहिला. बाजूनं कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरबरोबर गाडी हलत होती. सुखदाच्या हातात फोन होता. शार्दूल आणि अंजलीच्या खालीच प्रज्वलचं नाव होतं. एक मेसेज केला की तो निघायला तयार होता, आणि ही गाडी वळून घरी गेली असती, आणि नीलिमाबाईंनी दार उघडून तिच्याकडे पाहिलं असतं. त्या नजरेचा तिनं विचार केला. ज्यासाठी ती बाई दिवसभर भिंतीला धरून उभी राहिली, तेच हिनं येऊन मोडलं असतं.

तिनं शार्दूलला पुन्हा फोन लावला. या वेळी तो उचलला गेला. मागे मीटिंगची कुजबुज होती.

"अगं काय चाललंय? सांगितलं ना ऑडिट..."

"घरी जा," ती म्हणाली. "कोलन काढायचंय."

इतकी वर्षं त्या घरात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"समर्थला?"

"आईंना."

"आईला? मग तू... तू परत फिरलीस ना?"

"नाही. मी जातेय."

"सुखदा, मला कसं जमणार? इथून चाकण चौक ओलांडायलाच..."

"जमेल तसं जमव. पण आत्ता निघ."

इंडिकेटर टिकटिकत होता. मारुतराव काचेतून समोर पाहत होते, ऐकत नसल्यासारखे.

"बरं," शार्दूल शेवटी म्हणाला, आणि मग एखाद्या मुलासारखा चाचरत, "अगं पण... बाटली कुठं असते आपल्याकडं?"

सुखदानं डोळे मिटले. या माणसाच्या कपाळावर त्या बाटलीतलं पाणी किती वेळा गेलं असेल याचा हिशेब त्याच्या आईनंही ठेवला नसेल.

"आज जागेवर नाही. त्यांच्या उशीखाली असेल, बघ." तिनं डोळे उघडले. "ताप नाही म्हणतील त्या. कपाळाला हात लावून फसू नकोस, शार्दूल. पाय बघ."

त्यानं फोन बंद केला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि मग तो दुसऱ्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलला, थोडं अवघडून, जणू हे वाक्य त्यानं आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं. माफ करा, मला निघावं लागेल. घरी ताप आहे.

सुखदानं मारुतरावांच्या सीटवर दोनदा टकटक केलं.

"चला," ती म्हणाली.